पडद्यावरून पानावर आलेला भीम

श्रोतेहो, जिवतीच्या डोंगरावरच्या एखाद्या पोराला विचारून पाहा, ‘ढोलकपूर कुठे आहे?’ नकाशात नसलेल्या या गावाचा पत्ता तो चटकन सांगेल! छोटा भीम, चुटकी, राजू, जग्गू माकड आणि तो खोडकर कालिया, ही सारी मंडळी तिथलीच. त्यांचे जन्मस्थान मात्र फार लांब नाही. आपल्या तालुक्याची शीव ओलांडली की तेलंगण लागते. त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड संस्थेने ही मालिका तयार केली आणि २००८ साली ती पोगो वाहिनीवर सुरू झाली.

मोटू-पतलू हे आधी ‘लोटपोट’च्या पानांत होते; ते २०१२ साली दूरचित्रवाणीवर आले. भीमाचा प्रवास उलटा. आधी पडदा, मग चित्रकथांची पुस्तके. ही वाटही तशी जुनीच. मिकी उंदीर १९२८ साली बोलपटात गाजला नि १९३० साली वर्तमानपत्रात उतरला.

पडद्यावरून पानावर येताना काय हरवते? हालचाल आणि आवाज. धावता भीम चौकटीत थांबतो. त्याचे बोलणे फुग्यात लिहिले जाते. एका चौकटीत भीम लाडू खातो, पुढच्या चौकटीत राक्षस आडवा! मधला ठोसा वाचणाऱ्याने मनातच मारायचा.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी कागदावरची चित्रे एकामागून एक दाखवीत रामायण-महाभारत सांगतात. चित्र मुके, सांगणारा बोलका. भीमाच्या पुस्तकात हा सांगणारा नाही. ती जागा मुलासाठी मोकळी आहे.

गुरुजी, बाई, आपल्या कामाची गोष्ट हीच. जिवतीच्या वर्गात कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी कोलामी, कुणाकडे बंजारा बोली, तर कुणाकडे तेलुगू. पडद्यावरचा भीम ज्या भाषेत बोलेल, त्याच भाषेत ऐकावा लागतो. पानावरचा भीम मात्र मुलाच्या तोंडून बोलतो. फुग्यांवर कागदाचे कपटे ठेवा. गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगू द्या. मग तीच मराठीत सांगायला लावा, आणि शेवटी लिहायला. शाळेची भाषा परकी वाटते म्हणून मागच्या रांगेत गप्प बसणारे मूल भीमासाठी तोंड उघडील. एकदा ते बोलू लागले, की वाचायला फार दिवस लागणार नाहीत.