बाळंतिणीच्या उशाशीं

पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशांतून एलिझाबेथकडे गेली व सुमारें तीन महिने तिच्यापाशीं राहिली, असें पवित्र लूक सांगतो. गर्भवतीच्या साह्यास धांवून जाण्याचा हा दाखला ख्रिस्तसभेपुढें प्रथमपासून असतांहि, बाळंतिणीच्या उशाशीं उभें राहण्याची मोकळीक व्रतस्थ भगिनींना मिळण्यास फार काळ लागला. जयंतीच्या या मंगल प्रसंगीं तो इतिहास वाचकांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटतें.

पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरापुढें येत नसत. कित्येक माता व अर्भकें उपचारावांचून दगावत. इकडे प्रसूतीचें काम धर्मनियमांनीं व्रतस्थांस वर्ज्य होतें. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरेन यांनीं आतां पाकिस्तानांत असलेल्या रावळपिंडी येथें स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं रुग्णालय उभारण्यास पुढाकार घेतला, आणि हा निर्बंध उठावा म्हणून रोमला वारंवार विनंती केली. 1913 सालीं त्या निवर्तल्या. मनोरथ अपुराच राहिला. त्यांच्या प्रेरणेनें वैद्यक शिकलेल्या ऑस्ट्रियाच्या ॲना डेंगेल 1920 सालीं रावळपिंडीस आल्या. 1925 सालीं त्यांनीं वैद्यकीय सेवेसाठीं भगिनींचा संघ स्थापिला. त्या भगिनींना जाहीर व्रतें घेतां येत नव्हतीं. तरी सेवा त्यांनीं सोडली नाहीं. अखेर 11 फेब्रुवारी 1936 रोजीं रोमहून आज्ञापत्र निघालें व ती वाट मोकळी झाली.

त्याच काळांत गुंटूर येथें ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी परमगुरुस्वामींच्या खास परवानगीनें व्रतस्थ राहून वैद्यकी करीत होत्या. एकटी डॉक्टर कितीजणींस पुरणार, हें ओळखून त्यांनीं स्थानिक स्त्रियांना औषधें देण्याचें, शुश्रूषेचें व सुईणपणाचें शिक्षण दिलें.

परंतु ज्या मातेस रुग्णालयाच्या दारापर्यंत पोंचतांच येत नाहीं, तिचें काय? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत शोधलें गेलें. 1970 सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें अवर्षणग्रस्त जामखेड येथें कार्य आरंभिलें. गांवांनीं निवडलेल्या स्त्रिया त्यांनीं शिकविल्या. त्यांतील बहुतेक निरक्षर, व कित्येक ज्यांची सावलीहि टाळली जाई अशा घरच्या होत्या. हात धुवावे, नाळ स्वच्छ पात्यानें कापावी, बाळास ऊब द्यावी, पहिलें चिकाचें दूध टाकूं नये, रक्तस्राव किंवा अंगावर सूज दिसतांच रुग्णालयाची वाट धरावी, हे त्यांचे धडे. आरंभीं तेथें हजारांपैकीं सुमारें 176 बालकें वर्षाच्या आंत दगावत. 1990 नंतरच्या दशकांत हा आंकडा 30 च्या खालीं आला. जिचा स्पर्श निषिद्ध मानला जाई, तिच्याच हातीं गांवानें आपलीं बाळें सोंपविलीं! 1979 सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला; आणि 2005 सालीं सरकारनें गांवोगांवीं 'आशा' नेमण्याची योजना हातीं घेतली.

या साऱ्या इतिहासाचा बोध एकच. विद्या पेटींत कुलुपबंद ठेवल्यानें माता वांचत नाहीं. ती दुसरीच्या हातीं दिल्यानें वांचते. 'आशा' ताई वही घेऊन आपल्या दारीं येईल, तेव्हां धर्मबंधुभगिनींनो, तिला उंबऱ्याबाहेर उभें करूं नका. तिला आंत बसवा, तिचें म्हणणें ऐका, आणि आपल्या लेकीसुनांपैकीं एखादीस हें काम शिकण्याची इच्छा झाली, तर तिची वाट अडवूं नका. अशी वाट मोकळी होण्यासाठीं एका पिढीनें रोमचे उंबरे झिजविले आहेत, हें आपण विसरूं नये.