'लीजंड'ने गाळलेला बॉब मार्ले

बॉब मार्लेचा चेहरा छापलेला टी-शर्ट आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी पोरांच्या अंगावर दिसतो. त्याचे कोणते गाणे आवडते असे विचारले की दोन-तीन नावे ठरलेली येतात. 'थ्री लिटल बर्ड्स', 'वन लव्ह', फार तर 'बफेलो सोल्जर'. गाणी चांगली आहेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ही तिन्ही गाणी ज्या एका संग्रहात सापडतात, तो संग्रह कोणी, कधी आणि कोणासाठी निवडला, हा प्रश्न आपल्यासारख्यांनी विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

त्या संग्रहाचे नाव 'लीजंड'. मार्ले ११ मे १९८१ रोजी वयाच्या ३६ व्या वर्षी गेला आणि मे १९८४ मध्ये आयलंड कंपनीने हा चौदा गाण्यांचा संग्रह बाजारात आणला. जगभर त्याच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो ८०० हून अधिक आठवडे राहिला. मार्लेचा कोणताही मूळ अल्बम या आकड्याच्या जवळपास जात नाही. म्हणजे जगातल्या बहुसंख्य माणसांसाठी मार्ले म्हणजे 'लीजंड'. त्या वेळी कंपनीची सूत्रे डेव्ह रॉबिन्सन यांच्याकडे होती. मार्लेचा राजकीय चेहरा पुढे न आणता तो गोऱ्या मध्यमवर्गीय घरांत चालेल असा मांडायचा, हे धोरण त्यांनी पुढे उघडपणे सांगितले आहे. धंद्याच्या हिशेबाने ते चुकले असे कोणी म्हणणार नाही.

आता गाळणी कशी लागली ते पाहू. 'एक्झोडस' हा १९७७ चा अल्बम घ्या. ३ डिसेंबर १९७६ रोजी किंग्स्टनमधल्या ५६ होप रोडवरच्या घरात शिरून बंदूकधाऱ्यांनी मार्लेवर गोळ्या झाडल्या. त्याच्या छातीला आणि हाताला जखम झाली, पत्नी रीटा यांच्या डोक्याला गोळी लागली, व्यवस्थापक डॉन टेलर गंभीर जखमी झाले. जमैकात निवडणूक तोंडावर होती आणि दोन पक्षांच्या टोळ्या रस्त्यावर एकमेकांचे मुडदे पाडत होत्या. दोनच दिवसांनी, ५ डिसेंबरला, मार्ले जखमेसकट 'स्माईल जमैका'च्या मंचावर उभा राहिला. मग त्याने देश सोडला आणि लंडनमध्ये बसून 'एक्झोडस' केला.

त्या रेकॉर्डला दोन बाजू होत्या. पहिल्या बाजूवर पाच गाणी: 'नॅचरल मिस्टिक', 'सो मच थिंग्ज टु से', 'गिल्टिनेस', 'द हीदन' आणि शेवटी 'एक्झोडस'. वातावरण जड आहे. विश्वासघात आहे, अपराध्याला सुनावणे आहे, पडलेल्या लढवय्यांना पुन्हा उठवणे आहे. 'सो मच थिंग्ज टु से'मध्ये तो मार्कस गार्वी आणि पॉल बोगल यांची नावे घेतो. बोगल म्हणजे १८६५ च्या मोरंट बे उठावाचा पुढारी, ज्याला ब्रिटिशांनी फासावर चढवले. ही बाजू संपली की रेकॉर्ड उलटायची. दुसऱ्या बाजूवर 'जॅमिंग', 'वेटिंग इन व्हेन', 'टर्न युवर लाइट्स डाऊन लो', 'थ्री लिटल बर्ड्स', 'वन लव्ह'. नाच, प्रेम, दिलासा.

'लीजंड'ने दुसऱ्या बाजूची पाचपैकी चार गाणी उचलली. पहिल्या बाजूचे फक्त एक, 'एक्झोडस'.

मूळ अल्बममध्ये 'थ्री लिटल बर्ड्स' ऐकताना ते गोळी खाऊन आलेल्या माणसाचे गाणे असते. सगळे ठीक होईल असे जो सांगतोय त्याचे काहीच ठीक नव्हते, हे पहिल्या बाजूने ऐकणाऱ्याला आधी दाखवलेले असते. ती बाजू काढली की तेच गाणे समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात वाजवायला मोकळे. एक शब्दही बदलला नाही, एक सूरही नाही, तरी गाणे दुसरेच झाले. खोटे न बोलता इतिहास पुसण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

१९७९ च्या 'सर्व्हायव्हल'मधले तर एकही गाणे 'लीजंड'मध्ये नाही. या अल्बमच्या मुखपृष्ठावर आफ्रिकी राष्ट्रांचे झेंडे आहेत आणि नावाच्या पट्टीमागे 'ब्रूक्स' या गुलामवाहू जहाजाचा आराखडा. माणसे लाकडाच्या फळ्यांसारखी रचून कशी नेत, ते दाखवणारे १७८८ चे हे चित्र गुलामगिरीविरोधी चळवळीने घराघरात पोहोचवले होते. याच अल्बममधले 'झिंबाब्वे' गाणे लढणाऱ्या गनिमांच्या छावण्यांपर्यंत गेले, आणि एप्रिल १९८० मध्ये स्वातंत्र्यसोहळ्याला मार्ले स्वतःच्या खर्चाने रुफारो स्टेडियमवर जाऊन ते गायला. एका राष्ट्राच्या जन्मवेळी गायलेले गाणे 'सर्वोत्तम चौदा'त बसले नाही! 'वॉर'ही नाही. ते हैले सेलासी यांच्या १९६३ च्या संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणावर रचलेले, वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताविरुद्धचे गाणे.

मूळ अल्बम म्हणजे पवित्र ग्रंथ आणि संग्रह म्हणजे भेसळ, असेही मात्र आम्ही म्हणत नाही. 'लीजंड'मध्ये 'गेट अप, स्टँड अप' आहे, गार्वींच्या १९३७ च्या भाषणातला विचार घेऊन आलेले 'रिडेम्शन साँग' आहे. त्यावरून गार्वींपर्यंत पोहोचलेले लोकही असतील. शिवाय मूळ अल्बम तरी कुठे सोवळे होते? १९७३ च्या 'कॅच अ फायर'च्या किंग्स्टनमधल्या टेप लंडनला आणून, रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या श्रोत्यांसाठी ख्रिस ब्लॅकवेल यांनी त्यावर गिटार आणि कीबोर्ड चढवून घेतले. आणि त्याआधीची दहा वर्षे मार्ले, पीटर टॉश, बनी वेलर यांची गाणी मुख्यतः सुट्या छोट्या रेकॉर्डवर निघत आणि गल्लीतल्या साउंड सिस्टिमवर वाजत. 'वन लव्ह' पहिल्यांदा १९६५ मध्ये असेच आले होते. तेव्हा वाद 'मूळ' आणि 'निवडक' असा नाहीच. निवड कोणाच्या हातात आहे आणि काय गाळायचे हे तो कशावरून ठरवतो, वाद तिथे आहे.

हाच निकष आपल्याकडे लावून पाहा. भीमगीतांना अल्बमची परंपरा नाही. जलशात, जयंतीच्या मंचावर, मोर्चात गाणे प्रसंगाला धरून यायचे. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून हजारो गाणी दिली ती अशीच. कॅसेट नंतर आली, तिच्यामागे नॉनस्टॉप आणि आता डीजेचे मिक्स. भीमगीतांचा 'मूळ अल्बम' म्हणजे तो प्रसंगच. आनंद पटवर्धन यांचा २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' चौदा वर्षे घेऊन तयार झाला. ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारापासून आणि त्यानंतर जीव दिलेल्या शाहीर विलास घोगरे यांच्यापासून तो सुरू होतो. गाणी त्यात आहेत, आणि ती का गायली गेली तेही आहे. मिक्समध्ये जयघोष उरतो, नामांतराचा लाठीमार गळतो.

लेखनाचेही तेच. 'सर्व्हायव्हल' आला त्याच १९७९ साली, १४ एप्रिलला, महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' त्यातच आहे. सुविचारांच्या छोट्या पुस्तिका खंडांपेक्षा किती तरी अधिक हातांत आहेत. त्या घराघरांत गेल्या, हे मोलाचेच. पण त्यांतल्या सुविचारांची निवड करणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर शोधून पाहा, बहुधा सापडत नाही.

ज्यांच्याकडे 'लीजंड' आहे त्यांनी तो फेकू नये. 'एक्झोडस'ची पहिली बाजू लावावी, पाच गाणी, पंचवीस मिनिटांच्या आत संपतात. मग 'थ्री लिटल बर्ड्स' पुन्हा ऐकावे.