हबवरचे साल

माझ्या घरी एक जुनी सायकल आहे. रॅले कंपनीची, इंग्लंडात नॉटिंगहॅमला तयार झालेली, चोवीस इंची, काळी. ती माझ्या आजोबांची. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा निजामी अमलात प्राथमिक शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर होते. त्यांच्यामागे सायकल अब्बांकडे आली आणि अब्बांच्यामागे माझ्याकडे. सायकलीबरोबर एक गोष्टही आली.

गोष्ट अशी. सप्टेंबर १९४८. पोलीस ॲक्शनचे दिवस. अब्बा पाच वर्षांचे होते आणि घरची मंडळी दौलताबादला होती. दादांनी एका रात्री अब्बांना याच सायकलच्या दांड्यावर बसवले आणि औरंगाबादला सुखरूप आणले. वाटेत आवाज होऊ नये म्हणून घंटीत चिंधी कोंबली होती. अब्बांना रस्ता आठवत नसे, माणसे आठवत नसत. हाताला लागलेले गार हँडल आठवे, आणि ती चिंधी कोंबलेली घंटी. ईदला सगळे जमले की ही गोष्ट हमखास निघायची.

त्या दिवसांबद्दल आमच्या घरात एवढेच बोलले जाई. आधी रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार आणि १७ सप्टेंबरनंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर आलेली वेळ, दोन्ही मराठवाड्याने पाहिले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाअखेर हिंडून अहवाल लिहिला, पण तो कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. घरांनीही मौन धरले. आमच्याकडे त्या मौनातून सुटलेली ही एकच गोष्ट, आणि तिचा एकच साक्षीदार भिंतीला टेकून उभा. म्हणून सायकल विकायचा विषय कधी निघाला नाही. रंगवायचाही निघाला नाही.

२०१७ साली मी ती पूर्ण उघडून दुरुस्त करायचे ठरवले. अब्बा जाऊन सहा वर्षे झाली होती. शहागंजच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री जुन्या इंग्लिश सायकलींचे जाणकार म्हणून ओळखले जात. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी मागच्या चाकाचा हब रॉकेलच्या फडक्याने पुसला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “भाई, ये तो बावन का माल है.”

हबवर स्टर्मी-आर्चर हे नाव होते, त्याखाली एडब्ल्यू ही अक्षरे आणि शेजारी ५२ हा आकडा. स्टर्मी-आर्चरचा तीन वेगांचा हब म्हणजे इंग्रजी कारागिरीचा उत्तम नमुना. सगळे गिअर हबच्या पोटात. मधला वेग सरळ, खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा सव्वापटीहून थोडा जास्त. तेलासाठी वर एक छोटे झाकण. पातळ मशीन ऑइलचे दोन-चार थेंब वेळच्या वेळी दिले तर माणसाचे आयुष्य संपते, हबचे संपत नाही. आणि ही कंपनी प्रत्येक हबवर तो तयार झाल्याचे साल ठोकत असे. ५२ म्हणजे १९५२.

१९५२ साली तयार झालेले चाक १९४८ साली दौलताबादच्या रस्त्यावर कसे असेल? मी कविता लिहिणारा माणूस, तारखांशी माझे फार सख्य नाही. पण एवढी वजाबाकी मलाही येते. अब्बा खोटे बोलले असे मनात आणणे जड गेले. त्याहून जड एक गोष्ट होती: आता ईदला मी काय सांगणार?

मग मी सायकलीच्या इतिहासाच्या मागे लागलो. रॅले ही १८८०च्या दशकात सुरू झालेली कंपनी. तिच्या बॅजवर आणि पुढच्या दातेरी चक्रात बगळ्याचे डोके असते. आमच्या दातेरी चक्रातही तशी तीन डोकी आहेत, लहानपणी मी त्यात बोटे घालून मार खाल्ला आहे. ‘ऑल-स्टील बायसिकल’ हे कंपनीचे आवडते बिरुद. मुंबई बंदरात उतरलेला माल मनमाडला मोठ्या गाडीतून निजामाच्या मीटरगेज गाडीत चढायचा. संस्थानात शिरताना करोडगिरी, म्हणजे जकात. हे सगळे भरून गुलमंडीपर्यंत पोचलेली रॅले मास्तराच्या पगारात बसणारी वस्तू नव्हती. ती बहुधा दुसऱ्या हाताची असणार. शिवाय दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचे हे कारखाने युद्धसाहित्य करत होते. म्हणजे १९४८च्या आधीची सायकल असेल, तर ती एक तर युद्धापूर्वीची किंवा १९४६ ते ४८ या दोन-तीन वर्षांतली.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. आसनसोलजवळ सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, १९५१ साली सोनीपतला ॲटलास, १९५६ साली लुधियानाला हिरो. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स त्याआधीपासून होती. बाहेरच्या सायकलींवर निर्बंध आले आणि ‘इंग्लिश’ हा शब्द सायकलीच्या संदर्भात ‘अस्सल’ या अर्थाने रुजला. पुढे सेन-रॅले आणि हिंद दोन्ही डबघाईला आल्या आणि १९८० साली एकाच कायद्याने सरकारच्या झाल्या. नॉटिंगहॅमचा कारखाना २००२ साली बंद पडला. ॲटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना २०२० साली बंद झाला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी!

एक मात्र गंमतीची गोष्ट. इंग्रज सायकलीच्या पुढच्या चाकाला बत्तीस तारा आणि मागच्या चाकाला चाळीस, कारण भार मागे जास्त. खुद्द इंग्लंडात ही रीत मागे पडली, लुधियानाच्या काळ्या सायकलीने ती टिकवली. अठ्ठावीस गुणिले दीड इंची टायरचेही तेच. जुनी रॅले बाळगणारा इंग्लंडमधला शौकीन आज ज्या मापाचा टायर शोधत फिरतो, तो आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेला असतो. दूधवाल्याची कृपा.

लांबच्या प्रवासाची सायकल, टूरिंग सायकल, असा वेगळा वर्ग आपल्याकडे फारसा नव्हता. १९३५ साली बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने ५३१ नावाची हलकी पोलादी नळी काढली आणि तिकडच्या टूरिंग सायकली तिच्यावर उभ्या राहिल्या. आपण मात्र वीस किलोच्या आसपासच्या काळ्या सायकलीवरच लांब पल्ले मारले. त्याही आधी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान करून मार्च १९२८ मध्ये परतले. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांच्या ‘भारत जोडो’त शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली, तीही सायकलींवरच. त्यांपुढे आमच्या दादांचा पंधरा किलोमीटरचा प्रवास काहीच नाही. पण प्रत्येक घराची आपली एक प्रदक्षिणा असते.

तर पुन्हा उस्तादांकडे. त्यांना माझी चिंता सांगितली तेव्हा त्यांनी हब बाजूला ठेवला आणि फ्रेमवरच्या दोन क्लिपा उघडल्या. एक सळईच्या ब्रेकची. तिच्याखाली काळा रंग आरशासारखा चकचकीत, कालच दिल्यासारखा. क्लिपखालचा रंग ऊन-पाऊस पाहत नाही. दुसरी क्लिप गिअरची तार फिरवणाऱ्या छोट्या चाकाची. तिच्याखाली रंग फिका, ओरखडे आणि गंजाचा ठिपका. म्हणजे ब्रेकची क्लिप सायकलबरोबर आली आणि गिअरची क्लिप सायकल वापरून जुनी झाल्यावर बसली. फ्रेम आधीची, चाक नंतरचे. “पय्या बाद में डला है,” उस्ताद म्हणाले आणि चहा मागवला.

यातून फ्रेम १९४८च्या आधीचीच आहे हे सिद्ध होत नाही, असू शकते एवढेच. पण मला तेवढे पुरे होते. आनंदाने मी माझ्या फुफीला, अब्बांच्या थोरल्या बहिणीला, परभणीला फोन केला. तिचे वय तेव्हा एकोणऐंशी. विचारले, दादांनी मागचे चाक कधी बदलले? ती चटकन म्हणाली, खुलताबादला बदली झाली तेव्हा. घाट चढायला. मग मी सहज म्हणालो, याच सायकलवर दादांनी अब्बांना दौलताबादहून आणले ना?

फुफी थोडी थांबली. म्हणाली, “सायकल पे कहाँ? बंडी में आए थे हम सब.”

बैलगाडीतून. दादा, दादी, फुफी आणि अब्बा. दौलताबादच्या एका मराठा शेतकऱ्याने गाडी जुंपली, माणसांवर कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि रात्रीतून शहराच्या वेशीपर्यंत आणून सोडले. सायकल होती, तीही गाडीतच, अब्बांच्या अंगाला लागून आडवी टाकलेली. गाडीच्या हिसक्यांनी घंटी वाजायची, म्हणून त्या शेतकऱ्यानेच आपल्या पटक्याचा तुकडा फाडून तिच्यात कोंबला.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ घंटीकडे पाहत बसलो. आम्ही इतकी वर्षे ऐकत आलो आणि कुणाच्या डोक्यात आले नाही, की चालवणाऱ्याला घंटीत चिंधी कोंबायची काय गरज? त्याने अंगठा हलवला नाही म्हणजे झाले. पाच वर्षांच्या पोराला अंधारात गार हँडल आणि गप्प घंटी एवढेच कळले, ते त्याने जपले. गाडी आणि गाडीवान गळून गेले. फुफीला त्या माणसाचे नाव विचारले. तिला आठवत नव्हते. “दादा को मालूम था,” म्हणाली. दादा ते नाव घेऊन गेले. का सांगितले नाही कोण जाणे. कदाचित त्या माणसालाच पुढे त्रास नको म्हणून. कदाचित सायकलवाला बाप पोराला जास्त आवडला आणि दादांनी तो तसाच राहू दिला.

दुरुस्तीचे काम त्यानंतर वर्षभर चालले. आधी एका दुकानाने ब्रॅकेटमध्ये चुकीचा कप ठोकून बसवला होता. रॅलेच्या ब्रॅकेटला इंचाला सव्वीस आटे, इतर बहुतेक इंग्रजी सायकलींना चोवीस. जोर लावला की कप आत जातो, पण आटे खाऊन. छावणीच्या आठवडी बाजारात भंगारातल्या एका रॅलेचे कप मिळाले, तेव्हा ते निस्तरले. कॉटर पिना कानशीने घासून नीट बसवल्या. अशी पिन हातोडीने एकदम मारायची नसते, हे मी तीन पिना वाकवून शिकलो.

हलक्या ॲल्युमिनियमच्या रिमा घाल, पावसात ब्रेक बरे लागतात, असा सल्ला तरुण सायकलवाले मित्र देतात. ते खरे आहे. ओल्या पोलादी रिमेवर सळईचे ब्रेक लागत नाहीत, विनंती करावी लागते. पण त्या रिमा घालायच्या तर ब्रेकची सगळी यंत्रणा बदलावी लागते, म्हणून मी पावसात हळू जातो. एक बदल मात्र केला. मागच्या हबवर अठरा दात्यांचे चक्र होते, पुढचे अठ्ठेचाळीसचे. खालच्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेचार मीटर पुढे जायची. पन्नाशीच्या गुडघ्यांना घाटात ते झेपेना. बावीस दात्यांचे चक्र घातले, चेनला जास्तीच्या कड्या जोडल्या. आता पावणेचार मीटरच्या आत काम भागते. सायकलीच्या मूळ रूपाला धक्का लावतोस, असे काहीजण म्हणाले. मी त्यांना दादांची क्लिप दाखवली. घाटासाठी चाक बदलणारा मी या घरातला पहिला नाही. अठराचे चक्र तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवले आहे.

हिवाळ्यात महिन्यातून एकदा तरी मी खुलताबादपर्यंत जातो. दौलताबादच्या पुढे तटाचा जुना दरवाजा लागतो आणि तिथून घाट सुरू होतो. उरुसाला जाणारे याच रस्त्याने जातात, भद्रा मारुतीला पायी निघालेलेही याच. बावीस दाते असूनही एका वळणावर मला उतरावे लागते. त्याआधी दौलताबादला चहाला थांबतो. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारतो: अठ्ठेचाळीस साली एका मास्तराच्या कुटुंबाला कडब्याखाली घालून शहरात सोडणारे तुमच्यापैकी कुणाचे वडील, कुणाचे आजोबा होते का? लोक आठवून पाहतात. एक-दोघांनी असे ऐकल्याचे सांगितले, पण घर दाखवता आले नाही. एकदा एक गृहस्थ सायकलभोवती फिरले, घंटीची टोपी फिरवून पाहिली आणि म्हणाले, “या बाजूच्या वस्त्यांवर जाऊन विचारा मास्तर, तिकडे जुनी माणसं आहेत अजून.” पुढच्या खेपेला तिकडे जायचे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)