चेंडूवरच्या जाळीपासून रस्त्यांच्या जाळ्यापर्यंत

भडगावला लागून चाळीसगाव तालुका आहे. तेथील पाटण गावच्या देवीमंदिरात तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला, अशी नोंद त्यात आढळते.

या ग्रंथांत आपल्या विषयाची दोन बीजे आहेत. पृथ्वी गोल असून सपाट का भासते? परिघाचा शंभरावा भाग जवळजवळ सरळच दिसतो, असे ‘गोलाध्याय’ सांगतो. ‘लीलावती’त गोलाच्या पृष्ठाला चेंडूभोवतीच्या जाळीची उपमा आहे. आजच्या अर्थाने वक्रता मोजण्याचा प्रयत्न मात्र तेथे नाही.

सुमारे १६३० मध्ये देकार्तने घनाकृतींच्या कोपऱ्यांकडे लक्ष वेधले. घनाच्या एका कोपऱ्यात तीन काटकोन, म्हणजे २७० अंश जमतात. ३६० ला ९० कमी पडतात. आठ कोपऱ्यांची एकूण तूट ७२० अंश. वीस त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतीत बारा कोपरे असून प्रत्येकाची तूट ६०, म्हणजे बेरीज पुन्हा ७२०! पुठ्ठ्याच्या आकृत्या करून वर्गात हे पडताळता येईल. एका बिंदूभोवती सात समभुज त्रिकोण जोडले, तर तूट उणे ६० होते आणि पृष्ठ खोगिरासारखे वळते. ही ऋण वक्रता.

१८२७ मध्ये गाउसने दाखवले, की पृष्ठाची वक्रता त्यावरील अंतरांवरूनच ठरते. बाहेरून पाहावे लागत नाही. मग केवळ अंतरेच ठाऊक असलेल्या जाळ्याचे काय? गावे म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे रेषा आणि प्रत्येक रेषेवर किलोमीटरचा ‘भार’, असे हे भारित जाळे. रॉबिन फोरमन (२००३) आणि यान ओलिव्हिए (२००९) यांनी अशा रचनांसाठी वक्रतेच्या व्याख्या दिल्या.

ओलिव्हिएची कल्पना धान्याच्या उदाहरणाने पाहू. जोडलेली दोन गावे घ्या. पहिल्याच्या शेजारगावांत एक क्विंटल धान्य समान वाटले आहे. ते कमीत कमी वाहतुकीने दुसऱ्याच्या शेजारगावांत समान वाटायचे आहे. सरासरी वाहतुकीला दोन गावांमधील अंतराने भागून आलेली संख्या १ मधून वजा केली, की वक्रता मिळते.

तीन गावे एकमेकांना १० किलोमीटरच्या रस्त्यांनी जोडलेली असतील, तर सामाईक शेजाऱ्याकडचे अर्धे धान्य हलवावेच लागत नाही. सरासरी ५ किलोमीटर, वक्रता अधिक १/२. आता नदीवरील एकमेव पुलाने जोडलेली दोन गावे घ्या. प्रत्येकाला पुलाखेरीज दोन रस्ते असून सर्व अंतरे १० किलोमीटर आहेत. सरासरी ५०/३ किलोमीटर येते. वक्रता उणे २/३.

ऋण वक्रतेची रेषा ही अशी अडचणीची जागा असू शकते. पूल बंद झाला, की जाळ्याचे दोन तुकडे होतात. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील अरिजित सामल आणि सहकाऱ्यांनी २०१६ पासून फोरमन वक्रतेने अनेक जाळी तपासली. फार ऋण वक्रतेच्या रेषा आधी काढल्या, तर जाळे लवकर विस्कळीत होते, असे त्यांना आढळले.

ही संख्या पुलाची मजबुती सांगत नाही; त्याला पर्याय किती दुबळा आहे, याची सूचना देते. विद्यार्थ्यांना तालुक्याचा नकाशा देऊन असा रस्ता शोधायला सांगावा. पावसाळ्यात कोणत्या गावांचा दवाखान्याशी संबंध तुटेल, हेही त्यातून त्यांच्या ध्यानात येईल.