‘मिस्ट’चा उत्तरभाग

लोकप्रिय कृतीचा उत्तरभाग रचणें ही कर्त्याची खरी परीक्षा होय. अमेरिकेंतील रँड व रॉबिन मिलर या बंधूंचा ‘मिस्ट’ हा कोड्यांचा संगणक-खेळ १९९३ सालीं निघाला व अतोनात खपला. तेव्हां १९९७ च्या आक्टोबरांत पांच तबकड्यांवर आलेल्या ‘रिव्हन’ची वाट लोक किती आतुरतेनें पाहत होते, हें सांगणें नकोच. पहिल्या वर्षींच दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या. परंतु असा खप हा प्रतीक्षेचा पुरावा, गुणाचा नव्हे. चित्रांची परीक्षकांनीं वाहवा केली. कोडीं मात्र कित्येकांस दुर्भेद्य वाटलीं. आमच्या मतें त्यांतच या खेळाचें मोल आहे. तेथील अंक बेटावरच्या शाळेंतील खेळण्यावरून शिकावे लागतात. कोडें लोकजीवनांतूनच उगवतें. ग्राहक निश्चित असतांही कर्त्यांनीं त्याच्या बुद्धीस कमी लेखलें नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें.