शिवडा बाजारात आहे, पण किती दिवस?

मंडळी, शिवडा खाल्लाय ना? लांब मिशा, मोठ्ठं तोंड, अंगावर एकही खवलं नाही. विज्ञानात याची नोंद १८०१ची, ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथातली.

पुढे आपल्या हिंगोलीत पूर्णेवर सिद्धेश्वर धरण झालं. धरणांत, तलावांत रोहू-कटल्याचं बीज सोडायची पद्धत रुळली. शिवडा पडला शिकारी, लहान मासे गिळणारा. त्याचं बीज कोण सोडणार? धरायला मात्र सगळे पुढे. तेही पावसाळ्यात, अंडी घालायला तो उथळ पाण्यात येतो तेव्हाच!

आययूसीएनच्या लाल यादीत तो आधी 'संकटाच्या जवळ' होता, २०१९मध्ये 'असुरक्षित' झाला. मुख्य कारण, बेसुमार मासेमारी.

म्हणून एवढंच करू: पहिल्या पुरात अंड्यांनी भरलेली मादी घ्यायची नाही.