८२ दिवसांचें अंतर

‘असें झालें असतें तर?’ हा प्रश्न इतिहासांत निरर्थक मानला जातो. घडून गेलेलें बदलत नाहीं, हें खरेंच. परंतु कांहीं प्रसंगीं न घडलेली गोष्ट घडलेल्या गोष्टीच्या उंबरठ्यावरच उभी असते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा मृत्यु हा असाच एक प्रसंग होय.

१९४४ च्या मार्चअखेर बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयांत डॉ. हॉवर्ड ब्रून यांनीं रूझवेल्टांना तपासलें. रक्तदाब अतिशय वाढलेला, हृदय विस्तारलेलें व दुर्बल झालेलें. जनतेला मात्र अध्यक्षांची प्रकृति वयाच्या मानानें चांगली आहे, असेंच सांगण्यांत आलें. निवडणूक ७ नोव्हेंबरला होती.

त्या वेळीं उपाध्यक्ष होते हेन्री वॉलेस. संकरित मक्याच्या संशोधनानें नांवारूपास आलेला हा शेतकीतज्ज्ञ वृत्तीनें ध्येयवादी होता. आशियांतील वसाहती स्वतंत्र व्हाव्यात, असें तो उघडपणें म्हणे. पक्षाच्या पुढाऱ्यांना तो नको होता. जुलैमध्यें शिकागोच्या अधिवेशनांत पहिल्या फेरींत वॉलेसना ४२९॥ व हॅरी ट्रूमन यांना ३१९॥ मतें पडलीं. दुसऱ्या फेरींत पारडें फिरलें व ट्रूमन उपाध्यक्षपदाचे उमेदवार ठरले.

आतां कल्पना करावी, कीं रूझवेल्ट जूनमध्येंच निवर्तले. वॉलेस तत्क्षणीं अध्यक्ष झाले असते, आणि युद्धाच्या ऐन भरांत अधिकारारूढ अध्यक्षास दूर सारणें पक्षाला सोपें गेलें नसतें. मृत्यु ऑक्टोबरांत आला असता, तर पेंच अधिकच बिकट होता. राज्यकारभार वॉलेसकडे, पण उमेदवारी मोकळी! पक्षाच्या राष्ट्रीय समितीला अवघ्या कांहीं दिवसांत नवा उमेदवार उभा करावा लागला असता. प्रत्यक्षांत रूझवेल्ट सुमारें ३६ लक्ष मतांनीं विजयी झाले. त्यांच्या नांवावांचून तें मताधिक्य टिकतें काय? कदाचित् प्रतिस्पर्धी थॉमस ड्यूईच अध्यक्ष झाले असते.

परिणाम काय होते? अणुसंशोधनाची योजना वॉलेसना १९४१ पासून ठाऊक होती. ट्रूमनना तिची सविस्तर हकीकत २५ एप्रिल १९४५ रोजीं, म्हणजे अध्यक्ष झाल्यावर तेराव्या दिवशीं कळली. रशियाविषयीं कठोर धोरणास विरोध केला म्हणून वॉलेसना १९४६ मध्यें मंत्रिपद सोडावें लागलें. यावरून ते अध्यक्ष असते तर जगांत शांतता नांदली असती, असें म्हणणें मात्र धाडसाचें होईल. रशियासंबंधींचें आपलें अनुमान चुकलें, हें त्यांनींच १९५२ मध्यें जाहीरपणें मान्य केलें.

रूझवेल्टांचा चौथा शपथविधि २० जानेवारी १९४५ रोजीं झाला. १२ एप्रिलला वॉर्म स्प्रिंग्ज येथें ते निवर्तले. अंतर ८२ दिवसांचें. तेवढ्यानें वॉलेस अध्यक्षपदाला मुकले.

घटनेनें वारस नेमून ठेवला होता, हें तिचें शहाणपण. रिकामें पडलेलें उपाध्यक्षपद भरण्याची सोयहि पुढें १९६७ च्या दुरुस्तीनें झाली. परंतु मतदारापासून सत्य लपविलें, तर कोणतेंहि कलम त्याला तारूं शकत नाहीं. १९४४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकन जनतेनें रूझवेल्टांना मत दिलें, असें तिला वाटलें. वस्तुतः तिनें ट्रूमनना निवडलें होतें. आणि तें तिला कोणीं सांगितलें नव्हतें.